व्हिसामुक्त कझाकस्तान आणि आमचे ३,४६,५२५ रुपये

भारतीय पासपोर्टधारकांना कझाकस्तानात जुलै २०२२ पासून व्हिसा लागत नाही. एका वेळी १४ दिवस आणि १८० दिवसांत मिळून ४२ दिवसांपर्यंत तेथे राहता येते. पैसे भरण्यापूर्वीही मला हे ठाऊक होते. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमची हकिकत ऐकणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो की, ‘अहो, तिथे व्हिसा लागतच नाही, मग एवढे पैसे भरलेत तरी कशाचे?’ आम्ही व्हिसाचे पैसे भरलेच नव्हते. ज्या कंपनीने आम्हाला गंडवले, तिने व्हिसा लागत नाही हे स्वतःहून सांगितले आणि त्यामुळेच ती आम्हाला खरी वाटली.

२०२५ च्या उन्हाळ्यात चौघांसाठी अल्माटी आणि अस्ताना अशी सहा रात्रींची सहल ठरली. दर माणशी ७२,५०० प्रमाणे २,९०,००० रुपये, त्यावर ५ टक्के जीएसटीचे १४,५००, त्या सगळ्यावर ५ टक्के टीसीएसचे (सहल विकणाऱ्याने आपल्याकडून घेऊन सरकारजमा करायचा कर) १५,२२५, म्हणजे एकूण ३,१९,७२५ रुपये झाले. त्यानंतर ‘प्रवेश नोंदणी’ या नावाखाली माणशी ३,८०० प्रमाणे १५,२०० रुपये आणि निघायच्या आठवड्यात ‘इंधन अधिभार’ म्हणून ११,६०० रुपये मागितले गेले आणि आम्ही तेही दिले, म्हणजे सगळे मिळून ३,४६,५२५ रुपये.

ही प्रवेश नोंदणी म्हणजे अर्धे खरे आणि अर्धे खोटे कसे शिवावे याचा नमुना आहे. परदेशी पाहुणा आल्याची माहिती तेथील स्थलांतर विभागाला तीन कामकाजी दिवसांत कळवावी लागते, हे खरेच आहे. परंतु ते काम यजमानाचे, म्हणजे आपण उतरतो त्या हॉटेलचे असते आणि प्रवाशाने त्यासाठी घरून निघण्यापूर्वी कोणालाही पैसे पाठवायचे नसतात. मी इंटरनेटवर शोधले तेव्हा नोंदणीचा नियम सापडला, म्हणून कंपनीच्या एजंटाचे म्हणणे मला पटले. पडताळणी मी केली होती. पडताळणीत जे दिसेल त्यावरच त्याने थाप रचली होती, त्याला मी काय करणार?

कार्यक्रमपत्रिकेत मात्र एक ठळक गोष्ट होती. चौथ्या दिवशी ‘अल्माटीहून अस्ताना, बसने तीन तास, शहरदर्शन करून रात्री परत’ असे लिहिले होते. कझाकस्तानचे क्षेत्रफळ सुमारे २७ लाख चौरस किलोमीटर आहे आणि या दोन शहरांत रस्त्याने साधारण १,२०० किलोमीटरचे अंतर आहे. मी फोन करून विचारले, तेव्हा त्याने शांतपणे सांगितले की, ‘सर, टायपिंगची चूक आहे, ते विमानाने आहे,’ आणि दहा मिनिटांत दुरुस्त पत्रिका पाठवली. तत्परतेचे कौतुक वाटले मला! ज्याने आयुष्यात तिकडे एकही प्रवासी नेलेला नाही तोच असे लिहू शकतो, हे तेव्हा सुचले नाही. देश मोठा असेल तर पत्रिकेतील प्रत्येक अंतर नकाशावर मोजा.

पत्नीने पावती पाहून विचारले होते, ‘टीसीएस कापलाय, मग आपला पॅन कुठे मागितला त्यांनी?’ मी म्हणालो, ‘तिकिटाच्या वेळी मागतील.’ टीसीएस आपल्या नावावर सरकारजमा होतो आणि पुढे फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या करांच्या उताऱ्यात दिसतो, हे मी दरवर्षी विवरणपत्र भरताना पाहतो. पॅनशिवाय तो माझ्या खात्यात दिसणार कसा? आमच्या २६एएसमध्ये आजही ती रक्कम नाही, कारण १५,२२५ रुपयांचा तो कर त्याच्याच खिशात गेला.

पण ज्या क्षणाने मला आजही झोप लागत नाही तो तिकिटाचा आहे. दिल्ली ते अल्माटी थेट विमानाचे तिकीट पीडीएफमध्ये आले. चौघांची नावे पासपोर्टप्रमाणे बिनचूक, सहा अक्षरांचा पीएनआर, सामानाचे वजन, खाली ‘स्टेटस कन्फर्म्ड’. मी विमान कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन पीएनआर आणि आडनाव टाकले, तर आमचे आरक्षण तेथे दिसले. यापेक्षा अधिक सामान्य माणूस काय तपासतो? त्या कागदावर एकच गोष्ट नव्हती, ती म्हणजे तिकीट क्रमांक. पीएनआर म्हणजे निव्वळ जागा धरून ठेवल्याची खूण असते. पैसे भरून तिकीट निघाले की प्रत्येक प्रवाशाच्या नावासमोर १३ अंकी क्रमांक येतो आणि त्याचे पहिले तीन अंक विमान कंपनीचे असतात. एजंटाला पैसे न भरता काही काळ जागा धरता येते. मुदत संपली की आरक्षण आपोआप रद्द होते. तेवढ्या अवधीत तो आपल्याला म्हणतो, ‘सर, तुम्ही स्वतः साइटवर बघून घ्या,’ आणि आपण बघतो, आणि उरलेले पैसे पाठवतो. ‘टिकिट नंबर’ असा रकाना त्या कागदावर छापलेला होता आणि त्यापुढे एक आडवी रेघ होती. मी ती रेघ पाहिली होती. मला वाटले, प्रिंटमध्ये काही राहून गेले असेल.

इंधन अधिभाराचे ११,६०० रुपये कंपनीच्या नव्हे, एका व्यक्तीच्या नावे यूपीआयने मागितले गेले. त्याविषयी काय लिहू, ही धोक्याची खूण तुम्हा सर्वांना ठाऊकच आहे. तोवर तीन लाखांहून अधिक अडकलेले होते आणि अकरा हजारांसाठी सहल बिघडवायला कोणाची तयारी होते?

दिल्ली विमानतळावर काउंटरवरील मुलीने पीएनआर टाकला आणि तो रद्द झालेला असून त्यावर तिकीट कधी निघालेच नव्हते, असे सांगितले. अल्माटीच्या हॉटेलला तेथूनच ईमेल केला. त्यांच्याकडे आमच्या नावाने कोणतेही आरक्षण नव्हते. एजंटाचा फोन अर्थातच बंद होता. चौघांच्या परतीच्या प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च २६,३४० रुपये आला, तो वरच्या आकड्यात धरलेला नाही.

व्हिसा लागणाऱ्या देशाला जाताना आपण तिकिटाला, हॉटेलच्या आरक्षणाला आणि खात्याच्या उताऱ्याला किती वैतागतो! पण त्या निमित्ताने आपली कागदपत्रे एका तिसऱ्या माणसाच्या नजरेखालून जातात. व्हिसामुक्त सहलीत घरापासून चेक-इन काउंटरपर्यंत ते कागद तपासणारा कोणीही नसतो, आणि ही मंडळी असे देश निवडतात ते त्यामुळेच, असे माझे ठाम मत झाले आहे. तेव्हा तो तिसरा माणूस तुम्हीच व्हा. हॉटेलला स्वतः ईमेल करा आणि एजंटाने दिलेल्या पत्त्यावर नव्हे, हॉटेलच्या संकेतस्थळावरील पत्त्यावर करा.

यापुढचा भाग अधिक संतापाचा आहे. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. तेथे प्रत्येक व्यवहाराचा संदर्भ क्रमांक विचारतात, म्हणून तो हाताशी ठेवूनच फोन करा. त्यानंतर पोलीस ठाण्यात गेलो, तर कंपनीचा पत्ता परराज्यातला असल्याने तेथेच जाऊन तक्रार द्या, असे सांगण्यात आले. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ स्पष्ट म्हणते. मी ते छापून नेले होते. साहेबांनी कागद वाचला, घडी घालून परत दिला आणि ‘सायबर कक्षात जा’ म्हणाले. सायबर कक्षात विचारणा झाली की, ओटीपी कोणी चोरला का, खाते हॅक झाले का? नाही. मग तुम्ही स्वतः पैसे पाठवलेत, हा सायबर गुन्हा नाही, साधी फसवणूक आहे, पोलीस ठाण्यात जा. पुन्हा ठाण्यात गेलो, तर आता ती ‘दिवाणी स्वरूपाची बाब’ झाली होती, कारण माझ्याकडे पावती होती! पावती नसती तर पुरावा नाही म्हणाले असते. तेथील एक तरुण हवालदार तेवढा हळूच म्हणाला, ‘साहेब, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, नुसते बोलून निघू नका.’ त्या सगळ्या इमारतीत मिळालेला उपयोगी शब्द तेवढाच. पोच घेतली, नंतर अर्ज वरिष्ठांकडे टपालाने पाठवला आणि मग कुठे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला.

बँकेची तऱ्हा वेगळी. व्यवहार आपण स्वतः पिन टाकून केलेला असल्यामुळे बँकेची जबाबदारी येत नाही, असे एका ओळीचे उत्तर आले. समोरच्या खात्यात ४१,३०० रुपये गोठवले गेले आहेत, पण ते सोडवण्यासाठी न्यायालयाचा आदेश आणा म्हणतात, आणि आदेशासाठी पोलिसांचा अहवाल लागतो, आणि अहवालासाठी तपास अधिकारी जागेवर लागतो. मधल्या काळात तपास अधिकाऱ्यांची बदली झाली. नव्या साहेबांनी मला सगळी हकिकत पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावली आणि शेवटी विचारले, ‘पण तिथे व्हिसा लागत नाही ना, मग पैसे कसले?’

जिल्हा ग्राहक आयोगात आता स्वतंत्र तक्रार दाखल केली आहे. २०१९ च्या कायद्यानुसार ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि आपण सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. ‘कझाकस्तान प्रवेश नोंदणी’ असे लिहिलेली ३,८०० रुपयांच्या पटीतील पावती आणखी कोणाकडे असेल, तर त्यांनी लाज न बाळगता आपल्या हद्दीत आपल्या नावाने तक्रार द्यावी. तक्रारदार एकच असेल तोवर हा प्रकार दिवाणी ठरतो, असे मला दोन वेगवेगळ्या खुर्च्यांवरून सांगण्यात आले आहे.