एल्व्हिसची सुरुवातीची गाणी: मूळ तबकड्या की सीडींचा संच?

अमेरिकन रॉक अँड रोल गायक एल्व्हिस प्रेस्लीच्या १९५४-५५ या काळात मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्स या कंपनीने अवघ्या पाच तबकड्या काढल्या, आणि नोव्हेंबर १९५५मध्ये त्याचा करार विकत घेतल्यावर आरसीए या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीने त्याच पाच तबकड्या स्वतःच्या लेबलखाली पुन्हा बाजारात आणल्या. सनच्या पिवळ्या लेबलच्या मूळ प्रती जमवणे खर्चिक तर आहेच, शिवाय जोखमीचेही आहे. बनावट प्रती इतक्या फिरतात की मेम्फिसमध्ये तयार झालेल्या ४५ आरपीएम (मिनिटाला ४५ फेरे) तबकडीच्या लेबलवरील तीन गोल दाबखुणांसारखे बारकावे जाणकाराकडून तपासून घेतल्याविना पैसे मोजू नयेत. ७८ आरपीएमच्या प्रती लाखेच्या, म्हणून ठिसूळ. त्या टपालाने मागवणे हे माझ्या मते धाडसच.

याउलट १९९२मध्ये आरसीएने काढलेल्या पाच सीडींच्या संचात एकूण १४० ध्वनिमुद्रणे असून, सनच्या गाण्यांबरोबरच १९५०च्या दशकातील पुढचा सारा प्रवास सलग ऐकता येतो. ज्याला मुख्यतः गायकी ऐकायची आहे त्याने निःसंकोच हाच संच घ्यावा. तबकडीचाच मोह सुटत नसेल, तर आरसीएच्या पुनर्मुद्रित प्रतींपासून सुरुवात करावी. त्याही जुन्याच आहेत आणि सनच्या प्रतींपेक्षा बऱ्याच स्वस्त मिळतात.