नवी गाडी घेताना: शोरूममध्ये बसून भाव करायचा की लेखी कोटेशनं मागवायची?

गाडी कुठली घ्यायची ते ठरलंय, व्हेरिएंट पण जवळपास पक्का आहे आणि आता फक्त भाव करायचा राहिलाय असं धरून लिहितोय. आपल्याकडे गोव्यात लोक हे दोन पद्धतीने करतात. एक म्हणजे जवळच्या किंवा ओळखीच्या शोरूममध्ये जायचं, समोरासमोर बसायचं आणि दोन-चार फेऱ्या मारून भाव पाडून घ्यायचा. दुसरी म्हणजे वेगवेगळ्या डीलरांकडून आयटमवार लेखी कोटेशन मागवायचं आणि एकाचं दुसऱ्याला दाखवत फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवरच व्यवहार पक्का करायचा. मी दोन्ही करून बघितलंय आणि आताची गाडी दुसऱ्या पद्धतीने घेतली. पहिली वाईट असं नाही म्हणणार, माझ्या माहितीतले बरेच जण तिच्यावर खूश आहेत, पण मला विचाराल तर माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच.

आधी पहिलीचं जे चांगलं आहे ते सांगतो. माझ्या मेहुण्याने डिचोलीहून जाऊन समोर बसूनच गाडी घेतली, आणि त्याला चवथीच्या आधी डिलिव्हरी पाहिजे होती ती त्या लोकांनी खरंच दिली, रंग बदलून दिला, मॅट आणि मड फ्लॅप वरून घातले, आणि सर्व्हिसला गेला की आजही तो सेल्सवाला मुलगा बाहेर येऊन भेटतो. फोनवर भाव करणाऱ्याला हे मिळत नाही. शिवाय घरात वडीलधारी माणसं असतील तर त्यांना गाडी बघून, दरवाजा उघडून, माणसाशी बोलूनच पैसे द्यायचे असतात, आणि त्यात काही चुकीचं नाही. ओळखीचाही उपयोग होतो, काम लवकर होतं, कोण टोलवाटोलवी करत नाही. फक्त ओळखीने स्कीम वाढत नाही हे लक्षात ठेवा. कॅश डिस्काउंट, एक्स्चेंज बोनस, कॉर्पोरेट डिस्काउंट हे कंपनीकडून येतं, ते नियमात बसणाऱ्या कुणालाही मिळतं. डीलरच्या हातात त्याचं मार्जिन, आणि ते गाडीवर मोजकंच असतं. म्हणून त्याला कमवायचं असतं ते इन्शुरन्स, अ‍ॅक्सेसरीज, लोन आणि एक्स्टेंडेड वॉरंटी यांच्यातून.

माझं मन या पद्धतीवरून उडालं ते एकाच गोष्टीमुळे: आकडा जागेवर राहत नाही. समोरचा मुलगा सभ्य होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. त्याने पॅडच्या कागदावर पेनाने लिहायला घेतलं, एक्स-शोरूम (रोड टॅक्स, इन्शुरन्स सोडून गाडीची किंमत), रोड टॅक्स, इन्शुरन्स, किट, वॉरंटी, फास्टॅग, मग नुसतं 'इतर', खाली टोटल आणि टोटलभोवती गोल. मी म्हटलं किट काढा, मॅट आणि सीट कव्हर मी म्हापशाच्या बाजारात बघून घेईन. त्याने किटवर रेघ मारली, काचेच्या केबिनमध्ये मॅनेजरला विचारून आला आणि नवीन कागद घेतला. त्यात किट नव्हतं पण डिस्काउंटही उतरला होता, कारण म्हणे तो डिस्काउंट किटसकटच होता. बरं, मग इन्शुरन्स मी बाहेरून घेतो म्हटलं. परत केबिन, परत नवा कागद, आता 'इतर' समोरची रक्कम वाढलेली आणि त्याला नाव हँडलिंग चार्ज. पहिला कागद बघायला मागितला तर तो तोपर्यंत ड्रॉवरमध्ये गेला होता. 'सर, तुम्ही टोटल बघा ना, टोटल तर कमीच झाली.' झाली होती, थोडी. पण काय कमी झालं आणि काय वाढलं ते मला तिथे बसून, बाजूला बायको-मुलं कंटाळलेली असताना, समजणं शक्यच नव्हतं. प्रिंट द्या म्हटलं तर बुकिंग केल्याशिवाय प्रिंट निघत नाही असं उत्तर. डिस्काउंट किती मिळाला यापेक्षा मला याचाच जास्त त्रास झाला. एक ओळ खाली दाबली की दुसरी वर येते, आणि हे कागद एकमेकांशेजारी ठेवून बघायची सोयच नाही.

लेखी कोटेशनमध्ये हे होत नाही. एकदा पीडीएफ आली, त्यावर तारीख आली, की ओळ न् ओळ तुमच्या फोनवर राहते, रात्री जेवून शांतपणे बघता येते.

आणि बघायचं काय, तर ज्या ओळी कुणालाच बदलता येत नाहीत त्या आधी बाजूला काढा. एक्स-शोरूम कंपनी ठरवते, रोड टॅक्स सरकारचा, आणि नोंदणीची सरकारी फी खाजगी कारला 600 रुपये, लोन असेल तर हायपोथिकेशनचे (गाडी बँकेकडे तारण असल्याची नोंद) 1500, आरसी म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राच्या कार्डाचे 200. 'आरटीओ चार्जेस' म्हणून एकच गोल रक्कम लिहिली असेल तर टॅक्स किती आणि फी किती वेगळं लिहून मागा, टॅक्सची पावती शेवटी तुमच्या नावानेच निघते, ती जुळली पाहिजे. गाडी 10 लाखांच्या वर असेल तर 1 टक्का टीसीएस (डीलरने तुमच्याकडून घेऊन सरकारात भरायचा आगाऊ आयकर) लागतो, तो रिटर्न भरताना तुमच्या खात्यात जमा दिसतो, म्हणजे 11 लाखांच्या गाडीवरचे 11,000 हा खर्च नाही, भाव करताना त्याच्यात अडकू नका. हँडलिंग किंवा लॉजिस्टिक चार्ज लिहिला असेल तर मात्र तो कशाबद्दल ते लेखी विचारा, गाडी शोरूमपर्यंत आणायचा खर्च एक्स-शोरूममध्ये धरलेला असतो. माझ्या अनुभवात नुसतं व्हॉट्सअ‍ॅपवर 'हे कशाचे, जरा लिहून द्या' एवढं विचारलं तरी ही ओळ पुढच्या पीडीएफमध्ये नसते. समोर बसून तेच विचारलं तर दहा मिनिटं समजावून सांगतात. आणि हो, यूट्यूबवरचे जुने ऑन-रोड (टॅक्स, इन्शुरन्स सगळं धरून) आकडे घेऊन जाऊ नका, 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी बदललाय, छोट्या गाड्या 18 टक्क्यांत आल्या आणि मोठ्या 40 मध्ये, त्यामुळे त्याच्या आधीचा कुठलाही हिशोब आता लागत नाही.

खरी जागा इन्शुरन्सची, इथे जरा थांबतो. नवीन कारला 3 वर्षांचा थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा) घ्यावाच लागतो, 1 सप्टेंबर 2018 पासून तो नियम आहे, आणि त्याचा दर ठरलेला, सगळीकडे सारखा. फरक पडतो तो ओन डॅमेज (आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा) आणि अ‍ॅड-ऑनमध्ये (वर पैसे भरून घ्यायचं जादा संरक्षण). शोरूमचा इन्शुरन्स आणि बाहेरचा इन्शुरन्स बघताना पहिल्यांदा आयडीव्ही (गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर मिळणारी रक्कम) बघा, नवीन गाडीला तो एक्स-शोरूमच्या 95 टक्के धरतात, 8 लाखांच्या गाडीला 7 लाख 60 हजार. एखाद्या कोटेशनमध्ये प्रीमियम स्वस्त दिसतो आणि आयडीव्ही गुपचूप खाली आणलेला असतो. मग झिरो डेप (क्लेममध्ये पार्ट जुना झाला म्हणून पैसे न कापणं) आहे का, इंजिन प्रोटेक्शन आहे का. आपल्याकडे पावसात सखल रस्त्यावर पाणी भरतं, त्यामुळे इंजिन प्रोटेक्शन मी तरी सोडणार नाही. आणि जुनी गाडी विकत असाल तर तिचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची सूट) नव्या गाडीवर आणता येतो, जुन्या कंपनीकडून तसं पत्र घ्यायचं, ओन डॅमेजवर 50 टक्क्यांपर्यंत सूट बसते. मला एकाही कोटेशनमध्ये तो आपणहून लावून आला नव्हता, विचारल्यावर लावला. इन्शुरन्स आमच्याकडूनच घ्या नाहीतर डिस्काउंट नाही असं कोण म्हणालं तर आयआरडीएआयचे (विमा क्षेत्रावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) डीलरांसाठीचे नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू आहेत, त्यात सक्ती करता येत नाही. भांडायची गरज नाही. बाहेरचं कोटेशन पाठवा आणि याच आयडीव्हीला, याच अ‍ॅड-ऑनना तुमचा भाव काय असं विचारा, बहुतेक वेळा ते जुळवून देतात, आणि जुळवून दिलं तर शोरूमचाच घेतलेला बरा, क्लेमच्या वेळी कॅशलेसची धावपळ वाचते.

आता दुसऱ्या पद्धतीची अडचण, कारण तीही आहे. गोवा लहान. बऱ्याच कंपन्यांचे इथे एक किंवा दोनच डीलर आहेत, आणि पर्वरीचं शोरूम आणि मडगावचं शोरूम एकाच मालकाचं असतं. अशा वेळी दोन्हीकडून कोटेशन घेऊन काही उपयोग नाही, सिस्टीममध्ये तुमचा नंबर दिसतो आणि दोघेही तोच भाव सांगतात. म्हणून कोटेशनवरचं फर्मचं नाव आणि जीएसटी नंबर बघा, तो एक असेल तर ते एकच कोटेशन धरा. तिथे तिसरं म्हणून बेळगाव किंवा सिंधुदुर्गातल्या डीलरला फोन लावता येतो. साखळी-डिचोली भागातल्या माणसाला चोर्ला घाटाने बेळगाव काही परदेश नाही. बाहेरून घेतलेली गाडी टेम्पररी नंबरवर आणून इथे नोंदवता येते, पण त्यात आरटीओचे हेलपाटे तुमचे, आणि काही डीलर दुसऱ्या राज्याच्या पत्त्यावर गाडी द्यायला तयारच नसतात. मी बाहेरून घेतली नाही, आणि घ्या असंही सांगणार नाही. पण ते कोटेशन हातात असल्याचा इथे बोलताना फायदा होतो, एवढं नक्की.

दुसरा त्रास फोनचा. एकदा नंबर दिला की दिवसभर फोन, आणि अर्धे लोक लेखी देतच नाहीत, 'सर, एकदा शोरूमला या, बेस्ट प्राइस समोरच देतो' हेच पालुपद. मी सरळ सांगायचो की टेस्ट ड्राइव्ह झालीय, व्हेरिएंट आणि रंग हा, या आठवड्यात बुकिंग करणार, जो आयटमवार लिहून देईल त्याच्याशीच पुढे बोलेन. काहींनी परत फोन केला नाही. ज्यांनी दिलं त्यांच्याशी व्यवहार साफ झाला, आणि शेवटी ज्याच्याकडून घेतली त्याच्या शोरूमला जाऊन बसलोच की, फक्त भाव करायला नाही, गाडी तपासायला. पैसे पूर्ण भरण्याआधी गाडी बघा, उत्पादनाचा महिना-वर्ष बघा, तोच पुढे आरसीवर येतो आणि विकताना त्याच्यावरच भाव ठरतो. बुकिंगची रक्कम डीलरच्या खात्यातच टाका, सेल्सवाल्याच्या यूपीआयवर नको, आणि कॅन्सल केलं तर किती परत मिळतील ते पावतीवर लिहून घ्या.

वेळेचं म्हणाल तर दोन्ही पद्धतींना सारखंच लागू आहे. चवथ आणि दसऱ्याला सगळ्यांना गाडी पाहिजे असते, तेव्हा कोण कशाला कमी करेल. मधल्या म्हाळाच्या दिवसांत आपल्याकडे नवीन वस्तू कोण घेत नाही, शोरूम रिकामी असतात, त्यामुळे बोलणी तेव्हा करून ठेवायची आणि डिलिव्हरी दसऱ्याची मागायची, घरच्यांचंही मन राखलं जातं. महिनाअखेरीला टार्गेटचं असतं, तेव्हा एखादी गोष्ट पटकन मान्य होते. डिसेंबरमध्ये सूट मोठी मिळते, पण जानेवारी लागला की कागदावर गाडी एक वर्ष जुनी. पाच-सहा वर्षांत विकायचा विचार असेल तर त्या सुटीतून तेवढं वजा करून बघा, दहा-बारा वर्षं वापरणार असाल तर खुशाल घ्या.

जुनी गाडी आणि लोन या दोन गोष्टी नव्या गाडीच्या भावात मिसळू देऊ नका, समोर बसल्यावर त्या नेमक्या मिसळतात. जुनीला बाहेर काय मिळतं ते आधी काढा, मग एक्स्चेंज बोनस धरून कुठे जास्त बसतं ते बघा. लोनचं पण तसंच, स्वतःच्या बँकेत आधी रेट विचारा. 8 लाख, 7 वर्षं, 9 ऐवजी साडेनऊ टक्के, एवढ्या फरकाने शेवटी 17 हजारांच्या आसपास जास्त जातात, आणि डिस्काउंटमधले 10 हजार वाढवून घेताना आपण तासभर घालवलेला असतो. सरकारी नोकरीत असाल, आणि गोव्यात घरटी कोण ना कोण असतोच, तर आयकार्ड आणि सॅलरी स्लिप दाखवून कॉर्पोरेट स्कीम बसते का ते पहिल्याच मेसेजमध्ये विचारा.

अंडरबॉडी कोटिंगबद्दल हमखास ऐकवतील, गोव्याचा खारा वारा, गाडी गंजेल वगैरे. समुद्राला लागून कळंगुट-कोलव्याला राहत असाल तर विचार करण्यासारखं आहे. मी डिचोलीत राहतो, मला तरी त्याची गरज वाटली नाही, आणि ते नंतर कधीही करता येतं, बुकिंगच्या दिवशीच करायला पाहिजे असं काही नाही.

एका बाबतीत मात्र मी स्वतःसुद्धा शोरूमला जाऊन बसेन. गाडी नुकतीच बाजारात आलेली असेल आणि वेटिंग असेल, तर सूट कोणच देणार नाही, लेखी मागा की तोंडी. तिथे माणूस ओळखीचा झालेला बरा, नंबर लवकर लागतो, रंगाची अदलाबदल होते. अशा गाडीला फक्त दोन ओळी धरून ठेवा, इन्शुरन्स आणि हँडलिंग, बाकी टोटलवर सही करायला हरकत नाही.