यूके व्हिसाची टीबी टेस्ट आणि तिथे गेल्यावरची रक्ताची टेस्ट: दोन्हींचा रिव्ह्यू

व्हिसाच्या ग्रुपवर रोज कोणीतरी विचारतं म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायला यूकेला जायचं असेल तर भारतातून टीबीचं सर्टिफिकेट लागतं, आणि ते होम ऑफिसच्या (म्हणजे यूकेच्या गृहखात्याच्या) यादीतल्या क्लिनिकचंच लागतं. घराजवळच्या लॅबमध्ये काढलेला एक्स-रे कितीही झकास असला तरी उपयोग नाही. आईवडील दोन-तीन महिन्यांसाठी फिरायला येणार असतील तर यातलं काहीच नको, उगाच पैसे घालवू नका.

आम्ही सांगलीहून महालक्ष्मीने मुंबईला गेलो, क्लिनिकचं नाव लिहीत नाही. टेस्ट म्हणाल तर छातीचा एक एक्स-रे आणि डॉक्टरचे चार प्रश्न: खोकला आहे का, वजन उतरलंय का, घरात कोणाला टीबी झालाय का. मंगळसूत्र, चेन सगळं काढून गाऊन घालावा लागतो, सो दागिने घरीच ठेवा. एक्स-रे पटकन झाला पण अपॉइंटमेंट असून बसवून ठेवलं भरपूर, आणि काउंटरवरच्या माणसाला काही विचारलं की त्याचं उत्तर एकच, "मॅडम वेबसाइटवर आहे". अहो वेबसाइट वाचूनच आलोय ना आम्ही. सर्टिफिकेट सहा महिने चालतं, पण एक्स-रेच्या तारखेपासून, त्यामुळे फार आधीही करू नका.

आणि अगदी शेवटच्या आठवड्यावरही ठेवू नका. एक्स-रेमध्ये काही डाग दिसला (जुना, बरा झालेला असला तरी) तर थुंकीचे तीन नमुने मागतात, तीन दिवस सकाळी, आणि त्याच्या कल्चरला (नमुन्यात जंतू वाढतो का बघायला) दोन महिने लागू शकतात. सप्टेंबरमध्ये कॉलेज सुरू होणाऱ्यांनी ऑगस्टमध्ये हे करायला जाणं म्हणजे जुगार आहे. अकरा वर्षांखालच्या मुलांचा एक्स-रे सहसा काढत नाहीत पण डॉक्टरला दाखवायला न्यावंच लागतं. प्रेग्नंट असाल तर आधीच सांगा, पोटाला शील्ड लावून एक्स-रे, नाहीतर थुंकीची टेस्ट, नाहीतर डिलिव्हरीपर्यंत थांबणं, असे पर्याय असतात आणि निवड तुमची असते.

क्लिनिकला तीन स्टार. काम चोख आहे, बोलणं नाही. ज्या एका गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले ती तिथे कोणी बोललंच नाही, की ही टेस्ट फक्त आत्ता फुफ्फुसात चालू असलेला टीबी शोधते. शरीरात झोपून राहिलेला जंतू एक्स-रेत दिसत नाही, आणि जगातल्या साधारण चौथ्या माणसात तो असतो असं मानतात. त्यातल्या पाच ते दहा टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी खरा टीबी होतो. इंग्लंडमधल्या टीबीच्या पाच पेशंटपैकी चारेक जण परदेशात जन्मलेले असतात आणि बऱ्याच जणांना तो येऊन काही वर्षं झाल्यावर होतो. पूर्वी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरल्यावर एक्स-रे काढायचे, 2012 मध्ये ते बंद करून निघायच्या आधीच टेस्ट घ्यायचं ठरलं, पण झोपलेला जंतू तेव्हाही सुटायचा आणि आताही सुटतो.

म्हणून दुसरा भाग. इंग्लंडमध्ये लेस्टरला येऊन जीपीकडे (इथला फॅमिली डॉक्टर) नाव घातल्यावर आम्हा दोघांना पत्र आलं, रक्त तपासायला या. वय 16 ते 35, गेल्या पाच वर्षांत आलेले आणि टीबी जास्त असलेल्या देशातले, अशांना बोलावतात. लहानपणी बीसीजी घेतली असली तरी या रक्ताच्या टेस्टमध्ये घोळ होत नाही, हातावर टोचून बघायच्या जुन्या टेस्टमध्ये व्हायचा. माझी निगेटिव्ह, नवऱ्याची पॉझिटिव्ह, म्हणजे त्याच्यात तो झोपलेला जंतू आहे. सासूबाई फोनवर रडायलाच लागल्या, "अरे बाळा तिकडं जाऊन टीबी कसा रे झाला तुला", त्यांना समजवता समजवता आमचा रविवार गेला, की हा टीबी नाहीये, कोणाला लागत नाही, ऑफिसला सांगायची गरज नाही, ताट वेगळं करायची गरज नाही.

टीबी नर्स मात्र एक नंबर. तीन महिने दोन औषधांच्या गोळ्या, उपाशीपोटी, मधेमधे लिव्हरसाठी रक्त, दारू बंद. लघवी केशरी होते हे तिने आधीच सांगितलं होतं नाहीतर आम्ही इमर्जन्सीत पळालो असतो. कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांनो, लेन्सलाही रंग लागतो. एक पैसा घेतला नाही, टीबीचे उपचार इकडे सगळ्यांना फुकट आहेत, व्हिसा कुठलाही असो. आणि पॉझिटिव्ह आलं की व्हिसा रद्द होतो हे जे ग्रुपवर फिरतं ते साफ खोटं आहे.

याला साडेचार स्टार. अर्धा कापला कारण पत्रात इतकी मोघम भाषा होती की नवरा ते जाहिरात समजून फेकून देणार होता, आणि दुसरं म्हणजे 35 च्या वरच्यांना ते येतच नाही. माझी जाऊ 39 ची, आमच्या आधी वर्षभर आली, तिला काही नाही. तिने शेवटी स्वतःच जीपीला फोन करून विचारलंय, उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.