किरणोपचारापूर्वीचा सल्ला: कोलायटिसच्या रुग्णासाठी
वडिलांना प्रोस्टेटचा कर्करोग असल्याचे निदान झाल्यावर, जुन्या अल्सरेटिव्ह कोलायटिसमुळे (मोठ्या आतड्याचा दीर्घकालीन दाह) किरणोपचार त्यांना झेपतील का, हा प्रश्न घेऊन आम्ही पुण्यातील एका कर्करोग रुग्णालयात गेलो. गुदाशय प्रोस्टेटला अगदी लागून असल्याने किरणांची काही मात्रा त्यालाही पोहोचते आणि दाह उफाळू शकतो, हे डॉक्टरांनी एमआरआयवर दाखवून समजावले. पोटविकारतज्ज्ञांनी कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) करून कोलायटिस शांत असल्याची खात्री दिल्याखेरीज निर्णय घेण्यास त्यांनी ठाम नकार दिला, आणि हीच मला या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते. आयएमआरटी (गाठीच्या आकारानुसार किरणांची मात्रा कमी-जास्त करणारे तंत्र), गुदाशय दूर ठेवणारा जेल, ब्रॅकीथेरपी (प्रोस्टेटच्या आतच किरणोत्सर्गी स्रोत ठेवून दिलेले उपचार), शस्त्रक्रिया यांवरही मोकळेपणाने चर्चा झाली. प्रतीक्षागृहाजवळ मात्र एकच स्वच्छतागृह आहे. आतड्याच्या रुग्णांसाठी ते अपुरे असून व्यवस्थापनाने यात तातडीने सुधारणा करावी.