बेळगावच्या वाऱ्यात पहिलं आरसी विमान: तयार घ्यावं की घरी बनवावं?

रिमोटवर उडवायचं पहिलं आरसी विमान पडणारच, हे धरून खरेदीला निघावं. शिकाऊ माणसाच्या हातात कुठलंच मॉडेल फार दिवस अखंड राहत नाही. म्हणून 'सगळ्यात छान उडतं कुठलं?' हा प्रश्न जरा बाजूला ठेवा आणि पडलेलं विमान बेळगावात, निपाणीत किंवा खानापुरात घरी बसून परत जोडता येईल का, ते आधी बघा. पुण्या-बेंगळुरात हॉबी शॉप असतं, क्लब असतो, चुकलं तर सांगणारा कुणी शेजारी उभा असतो. आपल्याकडे तुटलेला पार्ट कुरियरने येतो, आणि तो येईपर्यंत रविवार हातचा जातो.

बाजारात जे दिसतं त्यातले दोन प्रकार लगेच बाजूला काढतो. एक म्हणजे दोन-तीन हजारांत मिळणारी दोन चॅनेलची, म्हणजे रिमोटवरून दोनच गोष्टी हलवता येणारी, फोमची विमानं. त्यांना दोन छोट्या मोटरी असतात, आणि एकीचा वेग कमी-जास्त करून वळायचं असतं. शेपटीला एलेव्हेटर (आडवी हलती पट्टी) नसतो, म्हणजे नाक वर-खाली करणं तुमच्या हातातच नाही. भाच्याच्या वाढदिवसाला द्यायला ठीक आहे, शिकायला नाही.

दुसरा प्रकार नायट्रो इंजिनाचा. बाल्सा लाकडाची बॉडी, मिथेनॉल, तेल आणि नायट्रोमिथेनचं इंधन, वर तो आवाज. उद्यमबागेत लेथवर ज्यांचा दिवस जातो त्यांना त्या इंजिनाचं वेड लागणार, हे मला माहीत आहे. पण इंधन इकडे सहज मिळत नाही, इंधनाचं प्रमाण ठरवणारी इंजिनाची सुई कशी लावायची ते दाखवायला जाणकार लागतो आणि बाल्सा मोडला की चुरा होतो. दुसरं-तिसरं विमान म्हणून खुशाल घ्या.

राहिले तीन: जायरो (तोल सांभाळणारा सेन्सर) असलेलं छोटं तयार विमान, मध्यम आकाराचा ईपीओ या चिवट फोमचा ट्रेनर, म्हणजे शिकायचं विमान, आणि फोमबोर्डचं घरी बनवलेलं.

कायद्याला हलकं चालतं, वाऱ्याला नाही

छोटं तयार विमान म्हणजे व्होलांटेक्सच्या स्पोर्ट कबसारखं: पंख साधारण अर्ध्या मीटरचा, वजन २५० ग्रॅमच्या बरंच आत, खोक्यात ट्रान्समीटर (हातातला रिमोट), बॅटरी, चार्जर सगळं. आत बसवलेला जायरो विमान तिरकं झालं की आपणहून सरळ करतो. गोंधळलात तर स्टिक सोडून द्यायची. नवख्याला यासारखा दुसरा आधार नाही, आणि ज्यांना करवत-कटर नको वाटतं त्यांची सोयही होते.

कायद्याच्या बाजूनेही हलकं बरं पडतं. ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचं यान नॅनो गटात येतं आणि त्यापुढे २ किलोपर्यंतचं मायक्रो गटात. हौसेसाठी उडवणाऱ्याला या दोन्ही गटांत रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. शिवाय शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायच्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेल यानांना टाइप सर्टिफिकेटची (मॉडेलच्या सरकारी मंजुरीची) अट नाही. नोंदणीचे आणि नकाशाचे नियम मात्र बदलत असतात. उडवायच्या आधी डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) वेबसाइटवर चालू नियम बघून घ्या. नियम मोडला तर दंड १ लाखापर्यंत जाऊ शकतो.

अडचण वाऱ्याची आहे. बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर, सह्याद्रीच्या पाठीला टेकलेलं. पश्चिमेकडून वर चढणारा वारा इथल्या माळांवर मोकळा सुटतो, आणि जून ते सप्टेंबर तर उभं राहू देत नाही. शंभर-सव्वाशे ग्रॅमचं विमान अशा वाऱ्यात तोंड करून उभं केलं की थ्रॉटल (मोटरचा वेग) पूर्ण देऊनही पतंगासारखं जागच्या जागी टांगलेलं दिसतं. वळवलं की वारा पाठीला लागतो आणि बघता बघता ते दोन शेतं पलीकडे जातं. जायरो त्याला सरळ ठेवतो, पण परत आणत नाही. हिवाळ्यात सूर्य उगवल्यावर तास-दीड तास हवा शांत असते. छोट्या विमानाचा खरा वेळ तेवढाच. सकाळी उठायची सवय नसेल तर हे विमान कपाटावरच राहणार.

सातशे-आठशे ग्रॅमचा, एक मीटर पंखाचा ट्रेनर हलका वारा सहन करतो, दुरून दिसतो आणि संथ उडतो. नवख्याला यातलं दिसणं सगळ्यात महत्त्वाचं. विमान लांब गेलं आणि नाक कुठलं, शेपूट कुठली हे कळेनासं झालं की हातातून गेलंच समजा.

ईपीओ की फोमबोर्ड

खोक्यातून येणारा ईपीओ ट्रेनर देखणा असतो, पंखाचा आकार अचूक असतो आणि अर्ध्या तासात उडायला तयार होतो. फोम चिवट असल्यामुळे लहानसहान चिरा फेव्हिक्विकने किंवा ग्लू गनने बुजतात. नाक चेपलं तर गरम पाण्याच्या वाफेवर धरून बरंचसं परत फुगवताही येतं. पण मोटर माउंट किंवा लँडिंग गिअर मोडलं, की त्याच कंपनीचा तोच पार्ट शोधायला लागतो, आणि मॉडेल बंद झालेलं असेल तर शोधून उपयोग नाही.

फोमबोर्डच्या विमानाला पार्टच नसतात, सगळं कापूनच काढायचं. 'फ्लाइट टेस्ट' या वेबसाइटवरून ट्रेनर विमानांचे नकाशे फुकट उतरवता येतात, झेरॉक्सच्या दुकानात छापून, चिकटवून, कापून घेता येतात. स्टेशनरीच्या दुकानात फक्त 'सनबोर्ड' म्हणालात तर नेमप्लेटला वापरतात तो घट्ट पीव्हीसीचा बोर्ड पुढ्यात येईल. तो जड असतो, विमानाला नको. दोन्ही बाजूंनी कागद आणि मध्ये हलका फोम असलेला ५ मिलिमीटरचा बोर्ड मागा, आणि हातात तोलून घ्या. आतला फोम बहुतेक थर्माकोलच्या जातीचा असतो, त्याला फेव्हिक्विक खाऊन टाकतं. इथे ग्लू गन किंवा फेव्हिकॉल.

या विमानातली कारागिरी एलेव्हेटरच्या कडेला दिसते. बोर्डचा वरचा कागद आणि फोम कटरने चिरायचा, खालचा कागद तसाच ठेवायचा. मग मोड दिल्यासारखं उघडून हलत्या पट्टीच्या कडेवरचा फोम ४५ अंशांत तासायचा. खालचा कागद हीच बिजागरी. वर पारदर्शक टेपची एक पट्टी दाबली की झालं. ब्लेड बोथट असेल तर कागद फाटतो आणि फोम दाणेदार तुटतो, म्हणून ब्लेडचं टोक सारखं मोडत राहायचं, कंजूषपणा करायचा नाही.

आत काय लागतं तेही सांगतो: २२१२ आकाराची १००० केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला १००० फेरे) ब्रशलेस मोटर, १० बाय ४.५ इंचांचा प्रोपेलर, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), ९ ग्रॅमचे दोन सर्व्हो (पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी), ३एस म्हणजे तीन सेलची २२०० एमएएचची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी. प्रोपेलर नटने आवळण्याऐवजी मोटरच्या दांड्यावर बसणाऱ्या प्रोप सेव्हरवर रबर बँडने बांधा. नाक जमिनीत गेलं तर रबर ताणतं आणि मोटरचा दांडा वाचतो. पंखही बॉडीवर रबर बँडनेच बांधावा. स्क्रूने घट्ट केलेला पंख पडताना बॉडीला घेऊन मोडतो, रबराचा नुसता निसटतो.

पहिलं विमान तीन चॅनेलचंच असू दे: थ्रॉटल, एलेव्हेटर, रडर (शेपटीची उभी हलती पट्टी). पंखाला मधोमध किंचित वरच्या बाजूने मोड दिलेला असला की रडरनेच विमान तिरकं होऊन वळतं. रडरचा सर्व्हो रिसीव्हरच्या (विमानात बसणाऱ्या, रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या डबीच्या) पहिल्या चॅनेलला जोडा, म्हणजे वळणं आणि नाक दोन्ही उजव्या अंगठ्यावर येतं, आणि पुढे चार चॅनेलचं विमान घेतलं तर सवय मोडावी लागत नाही.

खर्चाचा अंदाज, भाव खाली-वर होतात हे धरून: मोटर, ईएससी आणि सर्व्हो मिळून दीड हजाराच्या आसपास, बॅटरी दीड ते दोन हजार, बरा बॅलन्स चार्जर (सगळे सेल सारखे भरणारा) तेवढाच, आणि फ्लायस्कायच्या एफएस-आय६ सारखा ट्रान्समीटर रिसीव्हरसकट चार-पाच हजारांच्या घरात. बोर्डचा खर्च यात मोजण्यासारखाच नाही. जायरोचं छोटं तयार विमानही साधारण याच रकमेत येतं, आणि माझं मत इथेच फोमबोर्डकडे झुकतं. तयार विमान बाद झालं तर खोक्यातला ट्रान्समीटर बहुतेक वेळा दुसऱ्या कशाला चालत नाही. इकडे विमान मेलं तरी वायर काढून सगळं सामान पुढच्या बॉडीत जातं.

कुठे उडवणार?

सीमाभागाची एक गंमत आहे. बेळगावात सांबऱ्याला विमानतळ आणि हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र, शहरात मराठा लाइट इन्फंट्रीचा कॅम्प. कारवारला नौदलाचा कदंब तळ. बीदरला हवाई दलाचा तळ. मराठी माणूस जिथे जिथे वस्तीला आहे तिथे आकाशाचा मालक आधीच ठरलेला. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत एटीसीच्या (हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाच्या) परवानगीशिवाय उडवता येत नाही, म्हणजे सांबरा, मुतगा, बाळेकुंद्री, सुळेभावी विसरा. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांची मर्यादा, त्यापुढे सरकारी नकाशातल्या हिरव्या (परवानगी न लागणाऱ्या) क्षेत्रात ४०० फूट. शिकाऊ माणसाला शंभर-दीडशे फूट पुरे होतात.

पश्चिमेकडे, उचगाव-बेळगुंदीच्या बाजूला, रताळी निघाल्यावर शिवार मोकळं होतं. शहापूर, येळ्ळूरकडची भातं कापली की महिनाभर जागा मिळते, पण लगेच मसूर-वाटाणा पेरतात, तेव्हा शेतकऱ्याला आधी विचारा. "काका, विमान उडवू काय?" म्हटलं की बहुतेक जण नुसतं हो म्हणत नाहीत, बांधावर बघत उभे राहतात. राजहंसगडावर वारा छान लागतो, पण तिथे माणसं असतात. तिथे नको. चिकोडी-निपाणीकडे उसाचा प्रश्न: उसात पडलेलं विमान दहा पावलांवरूनही दिसत नाही, म्हणून रिसीव्हरला शंभर-दीडशेचा बझर लावा. खानापूर भागात मोकळं मैदान कमी आणि झाडं जास्त, तिथे तीन प्रकारांपैकी छोटं विमानच जमतं. आणि कुद्रेमनीच्या कडेला भरकटलं तर थेट महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात जातं. सीमाप्रश्न अजून कोर्टात असला तरी विमान परत मिळतं.

कोणी काय घ्यावं

इंजिनिअरिंगला असाल, तर फोमबोर्ड. यात वाद घालण्यासारखं मला काही दिसत नाही. कॉलेजच्या एरोमॉडेलिंग स्पर्धेत पुढे हेच कामाला येतं, आणि सीजी (गुरुत्वमध्य) कुठे असावा हे पुस्तकात वाचण्यापेक्षा बोटांवर कळतं: पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर दोन बोटं लावून उचला, विमान सपाट किंवा नाक जरासं खाली असं राहिलं पाहिजे. शेपूट खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवा, आणि तरी जमत नसेल तर त्या दिवशी उडवू नका.

नोकरी, दुकान सांभाळून हौस करायची असेल आणि दोन-तीन रात्री कापाकापी करायला वेळ नसेल, तर ईपीओ ट्रेनर. फक्त ट्रान्समीटर वेगळा, चांगला घ्या आणि पार्ट सुटे मिळतात का ते पैसे देण्याआधी विचारा. दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी असेल तर जायरोचं छोटं. ते अंगावर आलं तरी इजा कमी करतं, आणि सकाळी लवकर उठवायला तुम्ही आहातच. १० इंची प्रोपेलर मात्र बोट कापू शकतो, बॅटरी जोडलेल्या विमानासमोर मुलाला उभं करायचं नाही.

लिपोबद्दल थोडकं. २२०० एमएएचची बॅटरी २.२ अँपिअरवर चार्ज करा, चार्ज होताना घर सोडून जाऊ नका, प्रत्येक सेल ३.५ व्होल्टच्या खाली उतरवू नका आणि आठवडाभर उडवणार नसाल तर दर सेल ३.८ व्होल्टवर ठेवा. फुगलेली बॅटरी वापरायची नाही, ती कितीही महाग असली तरी.

काहीही घ्या, आधी सिम्युलेटर. पिकासिम नावाचं सिम्युलेटर फुकट आहे, आणि ट्रान्समीटरला यूएसबी केबल लावून कॉम्प्युटरवर उडवता येतं. विमान आपल्याकडे तोंड करून येताना डावं-उजवं उलटं होतं, तिथेच सगळे फसतात. जो पंख खाली झुकला त्याच बाजूला स्टिक ढकलायची, विमान सरळ होतं. हे अंगठ्यात उतरेपर्यंत खरं विमान हवेत सोडू नका. पहिल्या उड्डाणाला जोडीदार न्या: तो वाऱ्याच्या तोंडावर, जमिनीला समांतर फेकेल, वर नाही, तुमचे दोन्ही हात स्टिकवर राहतील.

पावसाळ्यात हे वाचत असाल तर सध्या ट्रान्समीटर आणि सिम्युलेटरची केबल एवढंच मागवा. बोर्ड कोरड्या हवेतच कापलेला बरा, आणि माळ तरी दसऱ्याआधी कुठे मिळतोय.