स्काऊट, एनसीसी की खासगी शिबिर? खान्देशातल्या पालकांनी काय बघावं

‘आता स्काऊटमध्ये काही राम राहिला नाही, नुसती संचलनं आणि फेऱ्या’ अशी तक्रार जळगाव-धुळ्याकडे बरेच जुने स्काऊट करतात. मूल सातवी-आठवीत असेल आणि त्याला रानात वावरता यावं, चार कामं हातानं जमावीत असं वाटत असेल, तर ही तक्रार तपासूनच निर्णय घ्यायला हवा. समोर तीन वाटा असतात: शाळेतलं स्काऊट-गाईड पथक, एनसीसी, नाहीतर सुट्टीतलं खासगी साहस शिबिर.

तक्रार नवी नाही. १९०७ साली ब्रिटिश लष्करी अधिकारी बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांना तंबूत ठेवलं आणि स्काऊट चळवळीचं बीज पडलं. पुढे १९६६ च्या अहवालानंतर ब्रिटनमध्ये स्काऊटिंगला आधुनिक रूप दिलं, तेव्हा जुन्या पद्धतीचा आग्रह धरणाऱ्यांनी १९७० मध्ये वेगळी संघटनाच काढली. अमेरिकेत १९७२ ला सर्वोच्च ईगल पदासाठी कॅम्पिंगची सक्ती काढून टाकली. ते इतकं अंगलट आलं की तिथल्या स्काऊट संघटनेतून निवृत्त झालेल्या विल्यम हिलकोर्ट यांनी मुलांचं हस्तपुस्तक नव्यानं लिहिलं आणि १९७९ मध्ये रानातलं शिक्षण परत आणलं.

त्यांच्याकडे अभ्यासक्रमच पातळ झाला होता. आपलं दुखणं वेगळं आहे. १९५० मध्ये स्थापन झालेल्या भारत स्काऊट्स आणि गाईड्सची सोपानांची (म्हणजे टप्प्याटप्प्याच्या परीक्षांची) पुस्तकं उघडून बघा. गाठी, बांधणी, होकायंत्र, नकाशा, प्रथमोपचार, हाईक, बिनभांड्याचा स्वयंपाक, सगळं जागेवर आहे. गळती होते ती पुस्तक आणि मैदान यांच्यामध्ये. स्काऊटचा तास बहुतेक ठिकाणी एखाद्या शिक्षकाच्या गळ्यात जादा काम म्हणून पडतो. मुलांना रात्री बाहेर न्यायचं तर परवानग्या, गाडी, खर्च आणि काही झालं तर जबाबदारी, हे सगळं त्याच्या एकट्याच्या डोक्यावर. त्यात दहावीला सवलतीचे गुण मिळतात म्हणून पालकांचंही लक्ष प्रमाणपत्राकडे. मग नोंदवही भरते आणि दोरी कपाटात राहते.

फरक कसा पडतो ते एका गाठीवरून सांगतो. क्लोव्ह हिच, म्हणजे खांबाला दोरी बांधायची साधी गाठ, फळ्यावर काढली की मुलं ती वहीत उतरवतात आणि परीक्षेत बरोबर काढतातही. तीच गाठ उभ्या बांबूला मारून तिच्यावर आडवा बांबू बांधायला सांगा आणि आडव्यावर पाण्याची बादली लटकवा. बांधणीचे वेढे सैल असतील तर बांबू हळूच घसरतो. दोरी हाताला कुठे सैल लागते, वेढा कुठे आवळायचा, हे त्या क्षणी बोटांना कळतं. हे देणारा स्काऊटर, म्हणजे पथक चालवणारा शिक्षक, मिळाला तर बाकी दोन्ही वाटा मला फिक्या वाटतात.

शिवाय खान्देशाला हे शिक्षण परकं नाही. कपाशीच्या काड्यांच्या आचेवर भरताची वांगी भाजणारी आजी ज्या घरात आहे, तिथल्या पोराला जाळ कसा राखायचा हे अर्धं आधीच येतं. पांझरेच्या किंवा गिरणेच्या काठावर उभं राहून, नदी न ओलांडता काठ्यांच्या मदतीनं पात्राची रुंदी काढता येते. मुक्कामाला यावल तालुक्यात मनुदेवी आहे, रावेरकडे पाल आहे, चाळीसगावकरांना पाटणादेवी आहे. धुळेकरांना तर लळिंगचा किल्ला हाकेच्या अंतरावर. जंगल असेल तिथे वनखात्याची परवानगी मात्र घ्यायची.

एनसीसीचा कणा वेगळा. १९४८ च्या कायद्यानं उभी राहिलेली ही संघटना शिस्तीची आणि लष्कराच्या ओढीची आहे. ड्रिल, पॉइंट टू टू रायफल, नकाशावाचन, दहा दिवसांचा कॅम्प. नकाशावाचन तर बऱ्याच स्काऊट पथकांपेक्षा पक्कं होतं. पण जेवण मेसमधून येतं आणि दिवसभर हुकूम वरून येतात. स्काऊटमध्ये सहा-आठ मुलांचा संघ आपली चूल, आपला तंबू, आपलं भांडण स्वतः निस्तरतो, तसं इथे होत नाही. फौजेत जायचं मनात असेल तर मात्र एनसीसीच घ्या. पुढे कॉलेजात ‘सी’ प्रमाणपत्र मिळालं तर अधिकारी भरतीत त्याचा थेट उपयोग आहे. स्काऊटलाही नोकरीची एक वाट आहेच. भुसावळकरांना सांगायला नको, रेल्वेत स्काऊट-गाईड कोट्यातून भरती होते. अडचण एवढीच की एनसीसी सगळ्या शाळांत नाही आणि जागा मोजक्या असतात.

खासगी शिबिरांबद्दल थोडक्यात. रॅपलिंग (दोरीवरून कडा उतरणं), दरी ओलांडणं, मुलाची भीड चेपणं, हे सगळं होतं. पण गाठ प्रशिक्षक मारतो, हार्नेस (कमरेचा सुरक्षापट्टा) तोच लावतो, मूल फक्त उतरतं. धाडस वाढतं, हुनर वाढत नाही. पैसेही बरेच जातात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पहिली पसंती स्काऊट-गाईडलाच, पण स्काऊटरला भेटून. मागचा रात्रीचा मुक्काम कुठे आणि कधी झाला? स्वयंपाक मुलांनी केला की आचाऱ्यानं? पथकातल्या मुलाला दोरी देऊन काहीतरी बांधायला सांगा आणि बघा. मुलगी असेल तर गाईडचा मुक्काम खरंच होतो का, हे जास्त खोदून विचारा, कारण पहिला रद्द होतो तो तिचा. शाळेत समाधान झालं नाही तर जवळपास एखादं खुलं, म्हणजे शाळेला न जोडलेलं, पथक आहे का ते स्काऊट-गाईडच्या जिल्हा कार्यालयात विचारा.

ही चौकशी दिवाळीच्या आत करा. आपल्याकडे मार्चपासूनच ऊन चढतं आणि मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, त्यामुळे मुक्कामाचा हंगाम नोव्हेंबर ते जानेवारी एवढाच. त्या तीन महिन्यांच्या नियोजनात एकही रात्र बाहेरची नसेल आणि मूल आठवीत असेल, तर एनसीसीच्या निवडीला त्याला उभं करा.