क्लीनरूममधल्या गॅन्ट्रीवर ड्रॅग चेनऐवजी फ्लॅट केबल: काही महिने वापरल्यानंतर

एन्कोडरचा (मोटरची जागा मोजणाऱ्या सेन्सरचा) अलार्म येतो, रीसेट केला की जातो आणि पुढच्या शिफ्टला पुन्हा हजर. मशीन थांबवून मल्टिमीटर लावला तर केबलमधल्या सगळ्या कोअर (आतल्या तारा) जोडलेल्या दिसतात. ज्यांनी मेंटेनन्समध्ये काम केलंय त्यांना हा छळ ओळखीचा असेल. कोअर आतून तुटलेली असते, पण केबल सरळ असताना तुटलेली टोकं एकमेकांना टेकून राहतात. मशीनचं हलतं हेड एका ठरावीक जागी गेलं आणि तिथे वाक आला की ती सुटतात. त्यामुळे दोष शोधायला मीटर जोडून अक्ष हाताने हळूहळू पूर्ण फिरवावा लागतो. तेवढा वेळ उत्पादन बंद.

आमचं हे मशीन छोटे भाग उचलून बोर्डावर बसवतं आणि कॅमेऱ्याने तपासतं. खोली आयएसओ क्लास ५ ची, म्हणजे एका घनमीटर हवेत ०.५ मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण जास्तीत जास्त ३,५२०. गॅन्ट्रीवर, म्हणजे हेड इकडून तिकडे नेणाऱ्या चौकटीवर, प्लास्टिकची ड्रॅग चेन (हलत्या केबल आत धरणारी कड्यांची साखळी) होती. ती काढताना उघडून पाहिली. कड्यांच्या सांध्यांत राखाडी भुकटी साचली होती, केबलची जॅकेट घासून चकचकीत झाली होती आणि एन्कोडरची केबल दोरीसारखी पिळली गेली होती. हवा छतातून खाली वाहते आणि चेन तर बोर्डाच्या वरून धावते. मग ती भुकटी कुठे पडणार हे वेगळं सांगायला नको.

तिच्या जागी चेनशिवाय चालणारी फ्लॅट केबल बसवली. मोटर, एन्कोडर, सेन्सरच्या केबल आणि हवेच्या नळ्या शेजारीशेजारी एका पट्ट्यात, प्रत्येकीला वेगळा कप्पा. बाहेरचं आवरण पीटीएफई (टेफ्लॉन) जातीचं, घासलं तरी फार कमी कण सोडणारं. सांधे नाहीत, त्यामुळे कड्यावर कडं आपटणंही नाही.

आम्ही हे केलं कणांसाठी. हेडजवळचा पार्टिकल काउंटर वेगात हालचाल चालू असताना पूर्वी उसळी घ्यायचा, ती उसळी आता दिसत नाही. पण माझ्या मते मोठा फायदा वेळेत झाला, आणि तो आम्ही मोजायला बसेपर्यंत कुणाच्या डोक्यात नव्हता. चेनचं प्रत्येक कडं वळणावर येताना छोटा धक्का देतं. तो हेडपर्यंत पोहोचतो आणि कंप विरेपर्यंत कॅमेऱ्याला थांबावं लागतं. प्रोग्रॅममध्ये त्यासाठी स्थिरावण्याचा वेळ टाकलेला असतो. फ्लॅट केबल हलकी आणि तिची हालचाल सलग, म्हणून तो वेळ टप्प्याटप्प्याने कमी करता आला. प्रत्येक टप्प्यावर फोटो धूसर येत नाहीत ना, हे तपासूनच पुढे गेलो. एका हालचालीतले काही मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण मशीन दिवसभर हेच करत असतं. ओईई (मशीनची एकूण परिणामकारकता) म्हणजे उपलब्धता, वेग आणि गुणवत्ता यांचा गुणाकार. केबलचा हात या तिन्हींत असतो. तरी खरेदीच्या वेळी तिला किरकोळ सामानात ढकलतात, हे मला मनापासून खटकतं.

बसवण्याचं काम मात्र निगुतीने करावं लागतं. दोन्ही टोकांचे क्लॅम्प अगदी समोरासमोर हवेत. थोडा तिरकेपणा राहिला तरी पट्टा एका कडेने ताणला जातो आणि त्याच कडेची कोअर आधी जाते. क्लॅम्प फार आवळला तर केबल चेपते. वाकाची त्रिज्या उत्पादकाने दिलेल्या किमान त्रिज्येपेक्षा थोडी जास्तच ठेवा. हलत्या भागावर टाय बांधू नका आणि वेल्क्रो तर मुळीच नको, त्याचे तंतू सुटतात. काम झाल्यावर आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसून घ्या आणि काउंटरचा आकडा खाली आल्याशिवाय उत्पादन सुरू करू नका.

आता उणिवा. किंमत चेनपेक्षा बरीच जास्त. आधाराशिवाय पट्टा ठरावीक लांबीपर्यंतच ताठ राहतो, त्यापुढे मधे झोल येतो आणि तो खालच्या पत्र्याला घासला तर सगळंच मुसळ केरात. नवा सेन्सर वाढवायचा तर चेन उघडून केबल टाकता येते. इथे रिकामा कप्पा आधीच मागून ठेवावा लागतो. आणखी एक गोष्ट ऑर्डर देण्याआधी नक्की विचारा: एक केबल गेली तर तेवढीच ओढून बदलता येते, की अख्खा पट्टा बदलावा लागतो? काही प्रकारांत केबल एकमेकींना चिकटवलेल्या असतात, तिथे अख्खा पट्टा बदलण्यावाचून पर्याय उरत नाही.

बोर्ड आत आणणारा लांब अक्ष कामाच्या पातळीच्या खाली आहे, तिथे आम्ही चेनच ठेवली. फक्त जड केबल दोन्ही कडांना विभागून लावल्या, मधे विभाजक घातले आणि प्रत्येक केबलभोवती तिच्या व्यासाच्या सुमारे १० टक्के जागा मोकळी सोडली. तेवढ्यावर तो अक्ष बिनतक्रार चालतोय, म्हणून तिथे फ्लॅट केबलचा खर्च करायचं मला तरी कारण दिसत नाही.